नोकरी सांभाळून बीएड: भांडुपच्या एका सायन्स टीचरची केस

मी मुंबईतल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत हेडक्लार्क आहे. शिक्षकांच्या मान्यतेचे प्रस्ताव, सेवापुस्तकं, पगारबिलं, अनुभवाचे दाखले सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाला बीएड, डीएड, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) असलं काही विचारायचं असलं की माझ्या दाराची बेल वाजते. ही केस आमच्याच मजल्यावरच्या एका सुनेची. तिला विचारून लिहितेय, नाव देत नाही, शाळेचंही नाही.

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. वय ३१, बीएस्सी केमिस्ट्री, ५८ टक्के. मुलुंडकडच्या एका विनाअनुदानित इंग्लिश मिडियम शाळेत पाचवी ते सातवीला सायन्स आणि मॅथ्स शिकवत होती, हातात पगार सोळा हजार. नवरा खाजगी कंपनीत डिस्पॅचला, फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी सिनियर केजीत, सासूबाई घरात पण गुडघ्यांनी बेजार. शाळेत ती लागली २०१७ ला, लॅब असिस्टंट म्हणून. वर्षभरात एक टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिचे तास हिला दिले, ती टीचर परत आलीच नाही आणि तास हिच्याकडेच राहिले. मुंबईच्या खाजगी शाळांमध्ये अशा जणी पोत्याने आहेत, शिकवतात उत्तम, पालक खूश, पण कागदावर ना बीएड ना डीएड.

मग जानेवारीत मॅनेजमेंटचं पत्र आलं. दोन वर्षांत व्यावसायिक अर्हता सादर करावी, नाहीतर सेवा पुढे चालू ठेवता येणार नाही. आणि ऑफिसात तोंडी सांगितलं ते वेगळंच, की कुठूनही आणा हो, फाइलला सर्टिफिकेट लागलं की झालं.

संध्याकाळी पत्र घेऊन आली आणि पहिलं वाक्य हेच, "काकू, यशवंतराव चव्हाणचं बीएड नोकरी करणाऱ्यांसाठीच असतं ना? मी तेच करते मग."

जिथे सगळे अडकतात

हा गैरसमज इतका पसरलाय की मी दर वर्षी कुणाला ना कुणाला समजावत असते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बीएड काय किंवा इग्नूचं बीएड काय, नोकरीतल्या शिक्षकांसाठी असतं हे खरं, पण कुठल्या शिक्षकांसाठी ते कुणी वाचत नाही. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम करणाऱ्या केंद्राच्या एनसीटीई या संस्थेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दूरस्थ बीएडला दोनच प्रकारचे लोक बसतात, एक म्हणजे प्राथमिकला नोकरीत असलेले ट्रेन्ड शिक्षक, आणि दुसरे म्हणजे ज्यांनी आधीच एखादा मान्यताप्राप्त शिक्षक प्रशिक्षण कोर्स वर्गात बसून केलाय असे. म्हणजे डीएड झालेल्याला पुढे बीएड करायला ही वाट आहे. जिच्याकडे अजून पहिलंच प्रशिक्षण नाही तिच्यासाठी नाही, मग ती पाच वर्षं शिकवत असो की पंधरा.

हे ऐकून ती गप्प झाली, आणि मग म्हणाली की आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी तर ऑनलाइन डीएड केलं होतं. केलं असेल. ती वेगळी गोष्ट होती. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, नोकरीत असलेल्या अनट्रेन्ड शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली, आणि तेवढ्यापुरता एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळेने १८ महिन्यांचा डीएलएड (डीएडचंच नवं नाव) कोर्स चालवला, देशभरातून लाखो शिक्षकांनी तो केला. तेव्हा ही बाई लॅब असिस्टंट होती, शिक्षकांच्या यादीत नावच नव्हतं. ती गाडी गेली. आता कुणी त्या नावाने ॲडमिशन देतो म्हणाला तर समजायचं काय ते.

नियमावलीत तीन वर्षांच्या पार्ट टाइम बीएडचंही नाव आहे, आम्ही चार ठिकाणी चौकशी केली, कुठेच चालू नव्हतं. आणि चार वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स बारावीनंतरच्या पोरांसाठी, तो हिच्या कामाचा नाही.

राहिले दोन सरळ रस्ते, दोन्ही वर्गात बसून. दोन वर्षांचं रेग्युलर डीएलएड किंवा दोन वर्षांचं रेग्युलर बीएड.

आणि एक तिसरा, जो सगळ्यांच्या आधी फोनवर येतो.

नॉन अटेंडिंग

शाळेतल्याच कुणीतरी तिला नंबर दिला होता. मुंबईबाहेरचं कॉलेज, ॲडमिशन पक्कं, फक्त परीक्षेला जायचं, हजेरी, सराव पाठ, इंटर्नशिप सगळं 'ॲडजस्ट' होतं, पैसे हप्त्याने. तिच्या नवऱ्याला हे पटलेलं, आणि त्याची बाजू मी समजू शकते, सोळा हजार बंद होणार नाहीत, घर चालेल, डिग्री खऱ्या विद्यापीठाची असेल. तो म्हणाला, "काकू, सगळेच करतात हो."

करतात ना. मी म्हटलं बस जरा. एक जुनी प्रश्नपत्रिका घेतली, पाठ कोरी होती, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं शाळेचं मस्टर, उजवीकडे कॉलेजचं मस्टर. तारीख टाकली, समजा १० ऑगस्ट. डावीकडे हिची सही, सकाळी ७ ते साडेबारा, सातवी अ ला सायन्स. उजवीकडे पण हिचीच सही, त्याच दिवशी, दोनशे किलोमीटरवरच्या कॉलेजात पाठाचं निरीक्षण. अशा चार-पाच तारखा लिहिल्या. मग त्याला विचारलं, आता सांग, यातली कुठली सही खोटी?

बीएडला वर्षाला किमान २०० दिवस कामकाज, आठवड्याला किमान ३६ तास, हजेरी तासांना ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के, हे नियमात छापलेलं आहे. म्हणजे डिग्री मिळाली याचा अर्थच हा की तू दिवसा तिथे होतीस. आणि उद्या कुठल्या अनुदानित शाळेत लागलीस, मान्यतेचा प्रस्ताव गेला, सोबत बीएडची मार्कशीट जोडली आणि त्याच दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभवाचा दाखला जोडला, तर समोरचा माणूस फक्त दोन कागद शेजारी ठेवेल. मी स्वतः ठेवते. टेबलावर फाइल आली की पहिलं काम तेच, तारखा जुळवायच्या. मग एकतर अनुभव सोडून द्यायचा किंवा डिग्रीवर प्रश्न ओढवून घ्यायचा. आणि हे प्रकरण पाच वर्षांनी निघालं काय नि दहा वर्षांनी निघालं काय, निघतं तेव्हा एजंटचा नंबर लागत नाही. टीईटीचं बघितलंच आपण, २०१९-२० च्या परीक्षेत मार्क वाढवून घेतले म्हणून परीक्षा परिषदेने २०२२ ला सात हजारांवर उमेदवारांवर कारवाई केली, त्यातले कित्येक तोवर नोकरीला लागलेले होते.

नवरा म्हणाला, बरं, मग सोळा हजाराचं काय करायचं ते सांगा. रास्त प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं.

आधी वर्ग कुठला ते ठरव

माझं एक ठाम मत आहे. लोक पहिलं विचारतात की कुठला कोर्स नोकरीसोबत जमेल. पहिलं विचारायचं ते हे की मला कितवीला शिकवायचंय. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

पहिली ते पाचवी शिकवायचं तर डीएलएड आणि टीईटीचा पेपर एक. सहावी ते आठवीला ग्रॅज्युएशनसोबत डीएलएड किंवा बीएड, दोन्ही चालतं, आणि टीईटी पेपर दोन. नववी-दहावीला ग्रॅज्युएशन आणि बीएड. अकरावी-बारावीला त्या विषयातलं पोस्ट ग्रॅज्युएशन आणि बीएड. आता ही बाई पाचवी ते सातवीला शिकवत होती, म्हणजे नेमकी दोन गटांच्या रेषेवर उभी, पाचवी प्राथमिकमध्ये आणि सहावी-सातवी उच्च प्राथमिकमध्ये.

त्या वेळी बरेच जण म्हणत होते की बीएड केलं की प्राथमिकला पण चालतं. २८ जून २०१८ च्या एनसीटीईच्या अधिसूचनेत तसं होतंही, बीएडवाल्याने प्राथमिकला लागून नंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. माझं म्हणणं होतं की ते कोर्टात आहे, त्याच्या भरवशावर काही ठरवू नकोस. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्दच केलं, प्राथमिकला बीएड नाही, डिप्लोमाच पाहिजे. तेव्हा तिचे ॲडमिशनचे राउंड चालू होते. तिने मला फोन करून विचारलं की आता काय, आणि मी म्हटलं काही नाही, तुला पाचवी हवीय का? म्हणाली, नको, मला आठवी-नववी-दहावी हवीय, केमिस्ट्री शिकवायचीय. झालं मग.

खरं सांगायचं तर माझा कल डीएलएडकडे होता. बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नाही, गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यात विद्यार्थी नाहीत म्हणून डीएडची कॉलेजं धडाधड बंद पडली त्यामुळे सीटसाठी मारामारी नाही, आणि बीएस्सी अधिक डीएलएड अधिक दोन्ही पेपर म्हणजे पहिली ते आठवी सगळं उघडं. मग नोकरीला लागायचं आणि त्यानंतर मुक्त विद्यापीठाचं बीएड, कारण आता ती ट्रेन्ड आणि नोकरीत. तेव्हा मात्र 'नोकरी करत करत' हे शब्द खरे ठरतात. एकूण चार-साडेचार वर्षं, पण त्यातली दोनच बिनपगारी. ती २४ ची असती तर मी हट्टाने हेच करायला लावलं असतं. पण ३१ व्या वर्षी, मुलगी पहिलीत जाणार, हप्ता चालू, आणि हिचं मन दहावीच्या केमिस्ट्रीत. ती म्हणाली, काकू मला चार वर्षं विद्यार्थिनी राहायला जमणार नाही. बरोबरच होतं तिचं.

सीईटी, आणि राजीनाम्याआधीचा एक कागद

कुठलाही निर्णय व्हायच्या आधीच बीएडच्या सीईटीचा फॉर्म मी भरायला लावला होता, कारण तारीख गेली की वर्ष गेलं, आणि फॉर्मची फी वाया गेली तरी वर्ष वाया जाण्यापेक्षा स्वस्त. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. १०० प्रश्न, दीड तास, त्यात मेंटल ॲबिलिटी ४०, जनरल नॉलेज ३०, शिक्षक अभियोग्यता ३०, निगेटिव्ह मार्किंग नाही. इंग्लिश मिडियमच्या कॉलेजांसाठी वेगळी भाषा चाचणी असते, ती पण दिली. अभ्यास तिने लोकलमध्येच केला, भांडुप ते मुलुंड फार अंतर नाही पण उलट्या दिशेची गाडी सकाळी रिकामी असते, बसून दोन पानं होतात. मेंटल ॲबिलिटीत ती चांगली निघाली, जीकेत बेताची.

कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, कॉलेज निवडताना लोक नाव बघतात, मी तिला तीन गोष्टी बघायला सांगितल्या, कॉलेज सरकारी-अनुदानित आहे की विनाअनुदानित, कारण फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो, सुटतं किती वाजता, आणि इंटर्नशिपच्या शाळा कुठल्या भागात देतात. सुटण्याची वेळ वेबसाइटवर नसते, ऑफिसच्या खिडकीत जाऊन विचारावी लागते. तिला सेंट्रल लाइनवरच्याच एका कॉलेजात सीट मिळाली, दुपारी साडेतीनला सुटणारं. (मुलींसाठी एक सांगून ठेवते, २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सेसच्या फीमध्ये माफीची योजना आलीय, आपला प्रवर्ग, कोर्स आणि कॉलेज त्यात बसतंय का ते ॲडमिशनच्या वेळीच विचारायचं, नंतर नाही.)

तिने शाळेला विचारून बघितलं की दुपारच्या शिफ्टला काही तास मिळतील का, चौथ्या तासापासून आले तर चालेल का. नाही म्हणाले. दोन वर्षं बिनपगारी रजा द्या, तेही नाही, कायम नसलेल्याला कसली रजा. मग राजीनामा.

आता इथे खरी मजा. मी तिला बजावलं होतं की राजीनामा देण्याआधी अनुभवाच्या दाखल्याचा मसुदा हातात घे. मसुदा आला, त्यात लिहिलेलं, २०१७ ते २०२३ 'लॅब असिस्टंट'. पाच वर्षं सातवीचे पेपर तपासले, पालकसभा घेतल्या, सहावी ब ची क्लासटीचर होती, आणि कागदावर परीक्षानळ्या धुवत होती! कारण ऑर्डर कधी बदललीच नव्हती, पगारपत्रकावर पद तेच राहिलं होतं, आणि तिने कधी ते बघितलं नव्हतं. पगार बँकेत आला की झालं असंच असतं सगळ्यांचं.

ती रडकुंडीला आली. मी म्हटलं रडू नको, कागद काढ. तिच्याकडे दर वर्षीच्या वेळापत्रकाच्या झेरॉक्स होत्या, तिच्या नावाने, सुपरवायझरच्या सहीच्या. लॉगबुकं होती, ज्यात दर आठवड्याला शेरा आणि सही असते. एका वर्षीच्या रिझल्ट शीटवर क्लासटीचर म्हणून हिची सही होती. हे सगळं जोडून तिने लेखी अर्ज केला, दोन प्रती, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन. पदनाम शाळेने बदललं नाही, त्यांच्या अडचणी त्यांना, पण दाखल्यात एक ओळ वाढवून दिली की २०१८ पासून इयत्ता पाचवी ते सातवीला विज्ञान आणि गणित या विषयांचं अध्यापन केलं. ती एक ओळ पुढे कामाला आली. अनट्रेन्ड म्हणून शिकवणाऱ्या प्रत्येकीने आजच आपली ऑर्डर काढून पद वाचावं, माझं ऐका.

सोळा हजाराचं उत्तर

ते तिनेच शोधलं. भांडुप स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या सायन्सच्या बॅचेस, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, सोमवार ते शनिवार, बारा हजार. घरून नवऱ्याच्या ओव्हरटाइमचे थोडे. चार हजाराचा खड्डा होता तो बुजला असं म्हणता येणार नाही, पण हप्ता चुकला नाही. हिशोबाने बघाल तर ती नोकरी सोडून शिकली नाही, नोकरीचे तास दिवसातून उचलून संध्याकाळी ठेवले. मुंबईत हे जमतं कारण इथे क्लासेसचा धंदा गल्लोगल्ली आहे, इतर ठिकाणी एवढं सोपं नसेल. किंमत घरातल्यांनी मोजली, मुलीला शाळेतून आणायचं काम सासूबाईंवर आलं, त्या गुडघ्यांनी तीन मजले, आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते झालंच.

बीएडचा पहिला महिना तिला फार कंटाळवाणा गेला. सूक्ष्म अध्यापन चालू होतं, म्हणजे पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ आपल्याच वर्गातल्या मुलींसमोर घ्यायचा, एका वेळी एकच कौशल्य, आज फलकलेखन, उद्या प्रश्न विचारणं. पाच वर्षं खऱ्या पोरांना शिकवलेली बाई ती, म्हणायची, "काकू, मला आता फळ्यावर लिहायला शिकवतायत." मग एक दिवस प्रश्नकौशल्याचा पाठ झाला आणि निरीक्षण करणाऱ्या मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, आठ प्रश्न विचारले, त्यातल्या सहांची उत्तरं स्वतःच दिली, विद्यार्थ्यांना विचार करायला वेळ दिला नाही. ती वही घेऊन माझ्याकडे आली, चिडलेली होती. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये दहावीच्या बॅचला तिने मुद्दाम लक्ष ठेवलं तर खरंच तेच करत होती, सिलॅबस संपवायच्या घाईत इतकी वर्षं स्वतःच विचारायचं नि स्वतःच सांगायचं. त्यानंतर कोर्सबद्दल कुरकुर कमी झाली. बंद झाली नाही, पाठ टाचणं लिहून लिहून बोटं दुखायची, एकेका पाठाला चार-चार पानं, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. निम्मं ते कागद भरण्यासाठीच असतं असं माझं मत आहे.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले मोठे १६ दुसऱ्या वर्षी. पूर्ण शाळा, प्रार्थनेपासून सुटेपर्यंत. तिला दुपारची शाळा मिळाली, बारा ते साडेपाच, म्हणजे क्लासची पहिली बॅच गेली. क्लासवाल्याने वेळ साडेसहा करून दिली पण त्या महिन्यांचे पैसे कापले. नोकरी करून बीएड करायचा विचार असेल तर हे महिने आधीच हिशोबात धरा, पैसे बाजूला काढा, बाकी दीड वर्ष कसंही निभतं, गळती इथे होते. तिच्या बॅचमधल्या दोघी कॉल सेंटरच्या रात्रपाळीवर होत्या, त्यातली एक इंटर्नशिपमध्येच थांबली.

टीईटी

टीईटी राज्याची पण असते आणि केंद्राची पण, ती सीटीईटी. राज्याची २०२१ च्या नोव्हेंबरनंतर थेट २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झाली, मधली तीन वर्षं कोरी. म्हणून मी तिला म्हटलं, वाट बघत बसू नकोस, सीटीईटी दे, बीएड चालू असताना पेपर दोनला बसता येतं आणि सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. १५० मार्क, अडीच तास, बालविकास ३०, दोन भाषा तीस-तीस, गणित-विज्ञान ६०, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९०. तिने भाषा एक इंग्लिश घेतली, भाषा दोन मराठी.

जुलै २०२४ ला ८७ आले. तीन मार्कांनी गेलं. आणि गेलं कुठे, तर गणित-विज्ञानात नाही, मराठीत! दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, म्हणून मराठीचं पुस्तक उघडलंच नव्हतं. तिथे व्याकरणासोबत भाषा कशी शिकवायची याचे प्रश्न असतात, ते घरी मराठी बोलून येत नाहीत. डिसेंबरमध्ये परत दिली, ९६.

१ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्ही ऐकला असेल. आधीपासून नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या शिक्षकांनी पण दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, पाच वर्षांच्या आत असलेल्यांना नोकरीत राहता येईल पण प्रमोशन नाही, आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे. आमच्या स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात चहासुद्धा कुणी नीट प्यायला नाही, पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं बालमानसशास्त्राची गाइडं शोधत होती. त्यांच्यासाठी वाईट वाटतं. पण या पोरीच्या फाइलला तो कागद तोवर लागलेला होता.

आता

बीएडचा निकाल २०२५ ला लागला. जून-जुलैत तिने घाटकोपरकडच्या एका शाळेत इंटरव्ह्यू दिला, डेमो लेसन आठवीला, आम्ल आणि आम्लारी. सहावी ते आठवीला सायन्स मिळालं, विनाअनुदानितच आहे, पण ऑर्डरवर पद सहशिक्षिका, आणि पगार आधीच्या दीडपटीहून जास्त. अनुभव धरताना त्यांनी दाखल्यातली ती वाढीव ओळ वाचून दोन इन्क्रिमेंट दिले. जुन्या शाळेनेही फोन केला होता, परत या म्हणून. गेली नाही.

अनुदानित शाळेचं काय, हे तिच्या नवऱ्याने विचारलंच. त्यासाठी टीईटीखेरीज टेट लागते, ती अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, २०० मार्कांची, दोन तासांत २०० प्रश्न, आणि मग सरकारचं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. पहिली टेट २०१७ ला झाली, मग २०२३, मग २०२५. पुढची कधी ते कुणाच्या हातात नाही. त्यातून लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८ हजार मानधन, तेही २०२३ ला वाढलं म्हणून, त्याआधी ८ हजार होतं. आणि मुंबईत मराठी शाळांचे वर्ग कमी होतायत, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) पदं जातात, असलेलेच शिक्षक अतिरिक्त ठरतायत, हे मी रोज बघते. टेट निघाली की दे, पण त्यासाठी हातची नोकरी रिकामी ठेवू नको, एवढंच मी म्हटलं.

आता तिच्या धाकट्या जावेचं चाललंय. ती नर्सरीत हेल्पर आहे, बीए झालंय, आणि हिचं बघून तिलाही बीएड करायचंय. मी विचारलं कितवीला शिकवायचंय, म्हणाली लहान मुलं, पहिली-दुसरी. मग बीएड कशाला? तिला डीएलएड लागेल, आणि तिथे ग्रॅज्युएशनचे नाही, बारावीचे मार्क बघतात. ते तिला नीट आठवत नाहीत. मार्कशीट माहेरी आहे, कर्जतला, रविवारी आणते म्हणालीय.